मागच्या सीटचं प्लॅस्टिक

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दारामागे कॅरीबॅगा साठतात तसे ते साठतात, आणि एक ओढायला गेलं की पाच बाहेर येतात. आमच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर सध्या जो साठा आहे, तो सगळा माझ्या मोटरसायकलचा. सांगतात मात्र दुसरेच! म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

मी सोनवणे, जळगावात कालव्यांच्या ऑफिसात सर्व्हेअर. टपरीवर आम्ही तिघं. मी, क्लार्क चौधरी आणि रिटायरमेंटला टेकलेले नाना बाविस्कर. नाना धुळे जिल्ह्यातले, नरडाण्याकडचे. खूश झाले किंवा चिडले की अहिराणीवर येतात.

पंधरा वर्षं मी शंभर सीसीची गाडी चालवली. एका हाताने मागून उचलून वळवता यायची. आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी घेतली साडेतीनशे सीसीची क्रूझर. वजन जवळजवळ दोन क्विंटल! रंग बायकोने, सुनंदाने, पसंत केला. मरून.

* * *

शोरूममध्ये हार झाला, नारळ झाला, फोटो झाला. सुनंदा पदर खोचून मागे बसायला पुढे आली आणि मी मागच्या सीटवर हात आडवा ठेवला.

"अगं, नवीन इंजिन आहे. पहिले पाचशे किलोमीटर डबलसीट चालत नाही," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय."

"नाही सर, आपल्या गाडीला तसं काही नाही!" शेजारचा सेल्समन अगदी उत्साहाने म्हणाला. मी त्याच्या बुटावर बूट ठेवला, पण तोवर वेळ गेली होती.

सुनंदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रिक्षाला हात केला. मी घरी पोचलो तेव्हा ती दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. "चहा घेऊन झाला माझा," म्हणाली.

* * *

आता या थापेचं कारण सांगतो. ते टपरीवर कोणी सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही जुन्या गाडीवरून बोदवडला, म्हणजे सुनंदाच्या माहेरी, चाललो होतो. रस्त्याचं काम चालू होतं. वळणावर खडी पसरलेली आणि मी बोलण्याच्या नादात. गाडी घसरली. मला नुसतं खरचटलं, सुनंदाचं उजवं मनगट मोडलं. आत प्लेट टाकावी लागली. थंडीत अजून दुखतं.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवणं सोडलं. मागचं कॅरियर धरून बसायची. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

जड गाडी रस्ता धरून चालते, सहसा घसरत नाही, असं चौधरी म्हणाला म्हणून तर ही घेतली. घेतल्यावर कळलं. चालताना घसरत नसेल, पण उभी असताना पडते!

* * *

पहिल्यांदा पडली ती टपरीसमोर, तिसऱ्याच दिवशी. मी ऐटीत आलो, ब्रेक मारला, डावा पाय खाली टेकवला. जमीन नव्हती! म्हणजे होती, पण माझ्या पायापेक्षा चार बोटं खाली. जुन्या गाडीला अशा वेळी मांडीचा टेकू पुरायचा. ही एकदा कलली की हिचं ती ठरवते. इतकी सावकाश पडली, की पडेपर्यंत मला तीनदा "अरे, अरे, अरे" म्हणता आलं.

किलोमीटरभर कालव्याला वीतभर उतार असला तरी माझ्या डोळ्यांना कळतो. सरकार त्याचाच मला पगार देतं.

नाना ग्लास हातात घेऊन शांतपणे आले. गाडी बघितली, जमीन बघितली, मला बघितलं.

"काय व्हयनं भाऊ? लेव्हल चुकनी का?"

तिघांनी मिळून उचलली. मागे सुनंदा असती तर, हे एकच डोक्यात घुमत होतं. दोघांना तिथल्या तिथे शपथ घातली, की घरी कळता कामा नये.

* * *

मागच्या मडगार्डवर बोटभर ओरखडा आला होता. संध्याकाळी गाडी ती बाजू भिंतीकडे करून लावली. दोन दिवस जिवाला घोर. तिसऱ्या दिवशी बघतो तर ओरखडा सापडेना! पुढे पेट्रोल पंपावर पडली, तेव्हाही तेच. दोन-तीन दिवस दिसला आणि गेला.

शोरूमवाल्यांनी गळ्यात मारलेलं, रंगावरचं कोटिंग मी करून घेतलं होतं. म्हटलं, भारीच वस्तू निघाली! टपरीवर छातीठोकपणे सांगितलं, "कोटिंग करून घ्या. ओरखडा आपोआप भरून येतो."

चौधरीने त्याच्या नव्या कारला कोटिंग करून घेतलं. आणि खात्री करायला स्वतःच दारावर किल्लीने रेघ ओढली! आठ दिवस रोज सकाळी चष्मा लावून बघत होता. शेवटी कोटिंगवाल्याकडे गेला भांडायला.

"सोनवणेच्या गाडीची भरून येते, माझी का नाही?"

तो बिचारा म्हणाला, "साहेब, तसं कातडीला होतं. पत्र्याला नाही होत."

चौधरी अजून मला कोटिंगवाल्याचा माणूस समजतो.

* * *

धरणगावकडे कालव्याची पाहणी होती. एका शेतकऱ्याच्या खळ्यात गाडी लावली, तोंड भिंतीकडे, उतार भिंतीकडे. काम झालं, निघालो, गाडीवर बसून पायाने मागे रेटायला लागलो. हलेना! उतरून ओढली. हलेना! घरात फक्त शेतकऱ्याची म्हातारी आई, तिला सगळे अक्का म्हणतात. बाकीचे सगळे कापूस वेचायला गेलेले.

मी मोबाइलवर बोलल्यासारखं केलं. मग वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. अक्का म्हणाली, जेवून जा. मी नको म्हणालो नाही. शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, चहा घेतला, कापसाच्या भावावर बोललो, पुन्हा चहा घेतला. उन्हं उतरल्यावर शेतातून दोन माणसं आली. मी सहज सुचल्यासारखं म्हणालो, "जरा हात लावता का?"

अक्का ओट्यावरून म्हणाली, "गाडी मांगे सरकत नही, हाई मी तवयच वळखी लिधं, भाऊ. पन उपाशी मानूस काय जोर लावी?"

* * *

इकडे घरी पाचशे किलोमीटर होऊन गेले. मग मी म्हणालो, पहिली सर्व्हिसिंग होऊ दे. ती झाली. मग म्हणालो, टायर जरा रुळू दे. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. कॉलनीतली माणसं त्यावरून विचारायला लागली होती. सुनंदा बाजारातून पायी यायची आणि पिशव्या जरा जोरात ठेवायची.

आणि एक दिवस तिने निवांतपणे विचारलं, "मी जाड झाले म्हणून का हो?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भीती वाटते, एवढं सांगायला माझी जीभ उचलली नाही.

* * *

तेव्हा ठरवलं, प्रॅक्टिस करायची. रविवारी सुनंदा भजनाला गेली, की मी घरातलं ज्वारीचं पोतं मागच्या सीटवर ठेवायचो. दोरीने सीटला चरे पडतील म्हणून तिच्या एका जुन्या हिरव्या साडीने गुंडाळून घट्ट बांधायचो, आणि कॉलेजमागच्या मैदानात सावकाश फेऱ्या. दोन रविवार झकास गेले. तिसऱ्या रविवारी वळताना पोतं एका अंगाला कललं. पोतं, मी आणि गाडी, तिघंही खाली! अर्धी ज्वारी मैदानात सांडली.

घरी आलो तर शेजारच्या काकू दारातच. "सुनंदा, तुला म्हणून सांगते. भाऊजींच्या मागे हिरवी साडी होती. पदर उडत होता. मी डोळ्यांनी पाहिलं!"

सुनंदाने गाडीवरची साडी पाहिली, अर्धं पोतं पाहिलं, माझ्या गुडघ्यावरची माती पाहिली.

"साडी माझी," ती म्हणाली, "ज्वारी माझ्या माहेरच्या शेतातली. म्हणजे अर्धी मी बसून आलेच. उरलेली कधी बसवता?"

* * *

त्याच आठवड्यात धुळ्याला तिच्या भावाकडे भाचीचा साखरपुडा होता. "बसने जाऊ," मी म्हणालो. "तुम्ही जा बसने," ती म्हणाली, "मी गाडीवर येते."

निघताना तिने सीटवरचं प्लॅस्टिक टरकन काढलं, नीट घडी केली, पर्समध्ये ठेवलं. आणि बसली.

या गाडीला मागे कॅरियर नाही. धरायला काहीच नाही. मी गिअर न टाकता वाट बघत होतो. क्षणभर काही झालं नाही. मग माझ्या उजव्या खांद्यावर हात आला. प्लेटवाला.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. चाळीसच्या वर मी काटा जाऊ दिला नाही. ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं! मागून ती भाचीच्या सासरबद्दल बोलत होती आणि मी नुसता हं हं करत होतो. आरशात खांद्यावरची बोटं दिसत होती. साधी नखं, कामाचा हात.

इथे एक कबुली देऊन टाकतो. चौधरी आणि नानांना माझ्या तीन पडझडी माहीत आहेत. टपरी, पेट्रोल पंप आणि ज्वारी. खऱ्या पाच. उरलेल्या दोन मी कोणालाच, म्हणजे कोणालाच सांगितल्या नव्हत्या.

पारोळ्याच्या पुढे चहाला थांबलो. ब्रेक मारला, पाय टेकवला. खाली खडी! पाय सरकला, गाडी कलली. "अरे, अरे, अरे!"

बस थांबल्यावर उतरावं तशी सुनंदा उतरली. पर्स काखेत, पदर जागच्या जागी. गाडी आडवी, मी गाडीशेजारी आडवा.

"लागलं का तुला? हात बघू! मनगट बघू!" मी खालूनच ओरडत होतो.

तिने हात पुढे केला. दाखवायला नाही, मला उठवायला. प्लेटवालाच हात. मला उभं केलं. हॉटेलातल्या दोघांना हाक मारून गाडी उभी करून घेतली. मग मागच्या मडगार्डजवळ जाऊन बसली, पदराने धूळ पुसली आणि पर्समधून एक छोटी बाटली काढली. मरून नेलपॉलिश. अर्ध्याहून जास्त संपलेली.

"सरका जरा, उजेड येऊ द्या," झाकण उघडत ती म्हणाली. "हा सहावा."