सौंसरच्या ओट्यावरून परत गेलेली माणसं

आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग असायचे, काम असलेले दिवस आणि काम नसलेले. आम्ही पांढुर्ण्याचे. बाबा संत्री निवडायच्या कामावर जायचे. मधे मालाचा ढीग, भोवती बायामाणसं गोल बसलेली, हाताच्या अंदाजानं लहानमोठं फळ वेगळं करायचं आणि लाकडी पेटीत तणसावर रचायचं. बहार संपला की बाबा जिनिंगमधे कापसाचे बोरे उचलायचे. माय लोकांच्या वावरात कापूस वेचायची. घर म्हणजे एक खोली, आणि तिला टेकवून केलेला कुडाचा आडोसा, त्यात चूल. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मिरवते. का मिरवू नये?

कॉलेजसाठी मी सौंसरला मामाकडे राहत होते. मामा पोस्टात बाबू, आमच्या नात्यात नोकरीवाला तेवढा एकच. मी दुसऱ्या वर्षाला असताना संत्र्याच्या झाडांवर कोळशी आली. पानं काजळल्यासारखी काळी झाली, फळ धरेना. त्यातच जिनिंग बंद पडली. बाबांच्या दोन्ही हातांचं काम गेलं.

उपास आम्हाला नवे नव्हते. नवं हे होतं की बाबांनी माणसांत बसणं सोडलं. ढिगाभोवती बसणारी ती माणसं काम नसतानाही संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी जमायची. बाबा तिकडे जाईनात. "काम नाई तं काय तोंड घेऊन बसू त्याइच्यात?" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी सुट्टीत घरी आले की विचारायचे, "फी भरली न? मंग झालं." बोलता बोलता छाती चोळायचे. माय विचारी, तर म्हणत, "गॅस होऊन राहिला." माय ओवा देई. आम्ही सगळे ओव्यावर विश्वास ठेवून होतो.

पोळ्यानंतर एका सकाळी बाबा विहिरीवर बादली ओढताना खाली बसले ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांनी गाडीत घालून नागपूरला नेलं. हार्ट अटॅक होता. वाचले. सुट्टी देताना डॉक्टरांनी मामाला सांगितलं, "गोळ्या चुकवू नका, मीठ कमी, ओझं उचलायचं नाही. आणि मनाला त्रास होईल असं काही होऊ देऊ नका."

मामानं हे शेवटचं वाक्य फारच मनावर घेतलं. त्याचंही खरं होतं. आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही आणि वाईट बातमी घेतल्याशिवायही येत नाही. खाटेभोवती बसायचं, चहा प्यायचा, आणि याच दुखण्यानं कुठल्या गावचा कोण गेला हे रंगवून सांगायचं, ही आमची रीत. म्हणून मामानं बाबांना मायसोबत सरळ सौंसरला आणलं, मागच्या खोलीत ठेवलं आणि सांगितलं, "आत कोणी जायचं नाई. कोणी आलं होतं हे बी त्याइले सांगायचं नाई. ऐकलं की भेटतोच म्हणतीन."

माणसं येत राहिली. पांढुर्ण्याहून बसनं, तिगावहून, मोहगावहून. कोणी तूर आणायचं, कोणी घरचं तूप. मामा ओट्यावर चहा पाजायचा आणि तिथूनच हात जोडायचा. बाबांच्या खोलीपर्यंत काही पोचायचं नाही.

वेळेवर गोळ्या, अळणी वरण, पूर्ण शांतता. सगळं डॉक्टरांनी सांगितल्यासारखं. तरी बाबा दिवसेंदिवस खचत चालले. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायचे. एकदा मी गोळी देत होते, तेव्हा मायला म्हणाले, "पांढुर्ण्याहून कोणी नाई आलं न?"

माय म्हणाली, "येतीन न. कामं असतीन लोकाइले."

"हाव," बाबा म्हणाले, "मी बी तं गेलो नोतो त्याइच्यात."

त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मी कॉलेजात बसायची आणि वर्गात कोणी दाराशी आलं की वाटायचं, मलाच बोलवायला आलं. बाबा गेले तर माझं कॉलेज तिथेच संपणार होतं, हे मला कळत होतं. पण खरं सांगते, तेव्हा भीती कॉलेजची नव्हती. आपल्याला कोणी पाहायला आलं नाही असं समजून बाबा रुसून जातील, याची होती.

दिवाळीच्या आधी आत्या आली. सख्खी नव्हे. ढिगाला बाबांच्या समोर वर्षानुवर्षं बसणारी म्हातारी, बाबांना राखी बांधायची. आधी एकदा ओट्यावरून परत गेलेली होती. या वेळी ती ओट्यावर बसली आणि उठेचना.

मामा म्हणाला, "बाई, पेशंटले त्रास होते."

"अन् तुम्ही कोण, दवाखान्याचे चौकीदार? लोकाइचे पत्र बी असेच दारातून परत करता का, बाबू?"

मामा हसला नाही. आत्यानं मग भिंतीकडे तोंड करून आवाज चढवला. ढिगावर बसणाऱ्यांचा आवाज तो, ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीतही ऐकू जाणारा. "काऊन रे भाऊ! झोपा काढून राहिला काय? लोधीखेड्याच्या बागेतून माल येऊन राहिला. तुहा बारदाना तसाच आंथरून ठेवला, अजून कोणाले बसू नाई देल्लं त्याच्यावर. येतं का देऊ दुसऱ्याले?"

आतून बाबांचा आवाज आला, बारीक, पण बाबांचाच. "देऊन तं पाह्य कोणाले!"

आणि ते हसले. त्या घरात बाबा हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले. माय पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली.

आत्याला आत न्यावंच लागलं. तिनं पदरातून काढलेली मिरचीची भजी मामानं हातातून काढून घेतली, आणि बरं केलं. पण ती बोलत राहिली. कोणाच्या म्हशीला रेडा झाला, कोण बाबांना पाहायला कोणत्या दिवशी येऊन परत गेलं. एकेकाचं नाव निघालं तसे बाबा मामाकडे पाहू लागले. मामा खाली मान घालून म्हणाला, "भाऊजी, मले वाटलं, तुमचा जीव वाचंल." बाबांनी त्याचा हात धरला. त्या दिवशी पूर्ण जेवले.

नागपूरच्या तपासणीत डॉक्टरांना मामानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आराम म्हणजे कैद नव्हे. गोळ्या चालू ठेवा, पथ्य पाळा, आणि यांना यांच्या माणसांत ठेवा. एकटं पडण्याचाही हृदयावर ताण असतो."

बाबा पांढुर्ण्याला परतले. तो बहार थोडा होता, पण होता. बाबा बारदान्यावर बसून फक्त फळ निवडायचे. त्यांच्या पेट्या शेजारचे उचलायचे. कोणी कधी बोलून दाखवलं नाही. छातीवर हात गेला की समोरून आत्या ओरडायची, "गोळी खाल्ली का रे?" आणि सगळा ढीग हसायचा.

आज मी नागपुरात चौथ्या मजल्यावर राहते. माझ्याही गोळ्या चालू आहेत. डॉक्टर चांगले आहेत, रिपोर्ट चांगले आहेत. येण्याआधी लोक फोन करतात, आणि फोन केल्यावर बहुतेक येत नाहीत. संध्याकाळी कधी कधी वाटतं, खालून कोणी ट्रकच्या घरघरीतही ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारावी. शेजाऱ्यांना राग आला तरी चालेल. ढिगाभोवती बसलेली ती माणसं आता राहिली नाहीत. संत्र्याच्या सालीचा वास मात्र कुठे आला की मी उगीच थांबते.

पण त्या वेळी जे मिळालं ते मिळालं. बाबा त्या दुखण्यातून उठले आणि पुढे पुष्कळ वर्षं जगले. मी कॉलेज सोडलं नाही. बाबांच्या डोळ्यांदेखत बी.ए. झाले.