बायजाबाईचे चौदा तास

नागपूर ते ऑकलंड विमानाने किती तास, सांगा पाहू? थांबा, मोबाईल काढू नका. त्यात दिसणारा आकडा नागपूरच्या तांडापेठेतल्या बायजाबाईनेही ऐकला होता.

बायजाबाई कोष्ट्याची सून. नवरा रामाजी मागावर बसायचा, ही सुताच्या कांड्या भरायची. गिऱ्हाइकाने विचारलं, लुगडं कधी देता, की रामाजी भोळेपणाने म्हणायचा, "विणायले तीन दिवस." लगेच आतून बायजाबाईचा आवाज यायचा, "अन् सुताले रंग? खळ? मागावर उभा ताणा? तो काय तुमचा आजा लावून देते? दहा दिवसांनी या गा!" अन् दहाव्या दिवशी लुगडं घडी घालून तयार. तिचा शब्द कधी चुकला नाही, त्याचा तिला भारी ताठा. पुढे माग बंद पडला, रामाजी चौकीदारीला लागला, एकुलता अंकुश ऑकलंडला हॉटेलात स्वयंपाकी झाला. ताठा तेवढा राहिला.

यंदा मे महिन्यात, संध्याकाळी सातला रामाजी गेला. जाताना एकच मागितलं होतं, "अंकुश आल्याबिगर मले उचलू नका." अंकुश फोनवर रडत म्हणाला, "आई, मी निघतोच. बाबाले ठेवजो."

"कामिनी, पाह्य वं, किती लांब आहे ते ऑकलंड," बाईने शेजारच्या सुनेला विचारलं.

कामिनीने मोबाईलवर बोट फिरवलं. "बारा हजार किलोमीटर, मावशी. विमानाले चौदा तास."

दीर भैय्याजी म्हणाला, "वैनी, दादाले ठेवायले थंडी पेटी बोलावतो. उन्हाळा हाय."

"काहून? सकाळी नऊले पोरगं दारात. तोवर बर्फाच्या लाद्या पुरतेत. मले वेळ मोजाले शिकवू नका, भाऊजी!"

तरी भैय्याजीने बोलावलेली पेटी तिने दारातून परत पाठवली. अंकुशला पुन्हा फोनही केला नाही. विमानात बसलेल्याचा फोन लागत नसतो, एवढं तिला ठाऊक होतं.

सकाळी नऊला ती उंबऱ्यावर उभी. गल्लीत शिरणारा प्रत्येक ऑटो तिला विमानतळावरून आलेला वाटे. साडेनऊला फोन वाजला.

"आई, तिकीट भेटता भेटता इथं दुपार झाली. आता विमानात चढून राहिलो. सिंगापूर, मग मुंबई, मग नागपूर. उद्या दुपारी पोचतो."

बाईच्या कानाचा फोन कानालाच राहिला. लाद्यांचं पाणी केव्हाच नालीला लागलं होतं. बायकांनी नाकाला पदर लावले होते. आता पेटी आणूनही उपयोग नव्हता. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. भैय्याजीने मान खाली घातली.

"उचला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंकुश आला, तेव्हा बापाच्या जागी दिवा जळत होता. पाठीवरची बॅग न काढताच तो दिव्यासमोर बसला. बायजाबाई त्याच्याजवळ बसून म्हणाली, "मी विणाईच मोजली रे बापू. ताणा मोजलाच नाही." अन् मग अशी रडली, की तसं रडणं तांडापेठेने कधी ऐकलं नव्हतं.

आता तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या गल्लीतली म्हातारी उद्या विचारेल, माझं लेकरू किती लांब आहे? तेव्हा स्क्रीनवरचा आकडा तिच्यापुढे फेकून मोकळे होऊ नका. तिच्याजवळ खाली बसा. तिकिटाला किती वेळ, मधल्या विमानतळांवर किती, तिथून दारापर्यंत किती, सगळं मोजा, अन् मगच तिला सांगा.