शेवटचा फर्मा

बाइंडरमामांनी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण पुस्तक आतून कसं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. वाचनालयातली फाटकी पुस्तकं त्यांच्या दुकानात येत. जुना दोरा उसवला की सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होत, आणि प्रत्येक फर्मा सुईखाली घेण्याआधी मामा तो सावकाश वाचून काढत. तीस वर्षांत असं अख्खं वाचनालय त्यांनी पालथं घातलं होतं.

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-दहा वाचक जमत. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक पुस्तक पुढे सरकवायचं आणि ते का वाचावं, ते सांगायचं. शिकल्यासवरलेल्या त्या माणसांत मामांचा शब्द चाले. ते "हे घ्याच" म्हणाले, की तीन-चार हात पुढे येत. मामांच्या वाट्याला आलेला मान तेवढाच, आणि तो त्यांना पुरून उरत होता.

सगळ्यात गाजली ती त्यांनी सुचवलेली नावाड्याच्या बायकोची कादंबरी. परागंदा झालेला नवरा बारा वर्षांनी दाराशी येतो, बायको कडीला हात लावते, आणि पुस्तक संपतं. ती दार उघडते की नाही, यावर दोन वर्षं वाद रंगला. निवृत्त मास्तर म्हणत, मोठा लेखक कधी 'समाप्त' लिहीत नसतो. त्यावर मामा अशी मान डोलावत, जणू कादंबरी त्यांनीच लिहिली होती.

मग एका गुरुवारी दुकानातलं, शिवलेली पुस्तकं दाबून ठेवायचं दाबयंत्र डुगडुगायला लागलं. त्याच्या पायाखाली टेकण म्हणून घातलेली रद्दी मामांनी बदलायला काढली, झटकली, आणि उजेडात धरली. तो त्याच कादंबरीचा शेवटचा फर्मा होता. वर लोखंडी पायाचा गोल वळ, आणि आत शेवटच्या पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत 'समाप्त'. दोन वर्षांपूर्वी हे पुस्तक उसवलेलं असताना हाताला लागेल तो कागद त्यांनी पायाखाली सरकवला होता. आधीचा फर्मा नेमका पूर्णविरामावर संपलेला, त्यामुळे त्यांनाही शंका आली नव्हती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांना घास उतरेना. बायकोनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलले. पुस्तक संपलं की नाही हे ज्याला कळत नाही, तो आम्हाला काय वाचायला सांगणार, असंच आता लोक म्हणतील.

"अहो, सोळा पानं खाल्लीत, कुणाची इस्टेट नाही खाल्ली," बायको म्हणाली. "जा आणि सांगून टाका."

शनिवारी मामांनी तो फर्मा टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला. तेवढ्यात सिस्टर गालातल्या गालात हसू लागल्या. त्यांचा सगळा जन्म दवाखान्यात गेलेला, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"मामा, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. दवाखान्याच्या कपाटात याची दुसरी प्रत होती. त्यात बाई दार उघडते आणि पुढची सोळा पानं दोघं नुसती रडतात."

"मग बोलला का नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"दोन वर्षं त्या बंद दारावरून तुम्ही इतके भांडत होता. मी कशाला मधे येऊन कडी काढू?"

मास्तरांनी आधी तोंड वाकडं केलं, आणि मग तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले. मामांच्या छातीवरचा दाब कुणीतरी चाक फिरवून सैल करावा, तसं त्यांना झालं. लगेच नवा वाद सुरू झाला. मास्तर म्हणाले, ती रडारड पुस्तकात घालूच नका. मामा म्हणाले, अपुरं पुस्तक माझ्या हातून जाणार नाही.

"शिवाच," सिस्टर म्हणाल्या. "पण मधे एक कोरं पान घाला."

सगळ्यांना ते पटलं. फर्मा आणि वाचनालयातली प्रत घेऊन मामा निघाले, तेव्हा मास्तरांनी मागून हाक मारली.

"मामा, त्या यंत्राला अजून तीन पाय आहेत. तेही बघून घ्या."

मामांनी दुकानात जाऊन आधी तिन्ही पाय बघितले. खाली जुनी वर्तमानपत्रं होती. मग त्यांनी सुईत दोरा ओवला, एक कोरं पान घेतलं आणि फर्मा जागेवर बसवला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.