ऑर्लो धावपट्टीवर आला नाही

चाळीस माणसांना भर दुपारी डुकराच्या बीजाचं स्वागत करायला मी लावलं, हे आधीच कबूल करून टाकतो.

झालं असं, की आमच्या टर्नर क्रीकच्या कॉलेजचे क्रीडा संचालक गॉर्डन टॉलफसन एकोणतीस वर्षांनी निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी कोण येणार हे कॉलेज सांगत नव्हतं. कॉलेज सांगत नाही म्हटल्यावर आयोवातला माणूस कामधंदा सोडून विमानं मोजायला बसतो. उमेदवार खासगी विमानानं गुपचूप येतात, आणि कुठलं विमान कुठून निघालं ते हल्ली घरबसल्या संगणकावर दिसतं. माझं औषधांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्या मंगळवारी ओहायोहून निघालेलं एक छोटं विमान आमच्या धावपट्टीकडे वळताना मला दिसलं. ओहायोतला एक नामांकित संचालक तिथे कंटाळलाय अशी बोलवा होतीच. मी चाहत्यांच्या गटावर लिहून मोकळा झालो : 'येतोय. सव्वादोनला.'

सव्वादोनला कुंपणाशी चाळीस जण, एक ढोल आणि 'मस्क्रॅटांच्या बिळात स्वागत' असा फलक. मस्क्रॅट म्हणजे पाणउंदीर. आमच्या संघाचं नाव तेच आहे आणि त्याची आम्हांला लाज वाटत नाही. विमानातून फक्त पायलट उतरला. त्यानं एक थर्मोकोलची पेटी काढली आणि वाट बघत उभ्या असलेल्या गुरांच्या डॉक्टरच्या हातात दिली. पलीकडच्या गावातल्या तीनशे डुकरिणींसाठी जातिवंत बीज आलं होतं. ढोलवाल्यानं सवयीनं दोन ठोके दिले आणि मग तो माझ्याकडे बघायला लागला.

सगळेच माझ्याकडे बघत होते. म्हणून मी मान खाली घालून माणसं मोजली, आणि ऑर्लो क्विस्ट त्यात नाही हे माझ्या लक्षात आलं.

ऑर्लो नाही, हे नवल होतं. उभी हयात त्यानं धान्य सोसायटीत मक्याच्या ट्रकमध्ये नळी खुपसण्यात घालवली. वरचे दाणे टपोरे दिसले की त्याचा संशय बळावायचा. नळी पार तळापर्यंत घालून तो खालचा मका काढायचा, हुंगायचा, एखादा दाणा चावायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडे न बघता म्हणायचा, "ओलाय." चौतीस वर्षं हे केल्यावर माणूस देवळातल्या प्रसादालाही नळी लावेल. स्वतःच्या लग्नात त्यानं पाद्रीबुवांना लग्नाच्या शपथा दोनदा वाचायला लावल्या, असं त्याची बायको आर्लीस सांगते.

टॉलफसनांवर तर त्याचा खास लोभ. त्यांनी कॉलेजातली कुस्ती बंद केली. ऑर्लो तरुणपणी तिथेच कुस्ती खेळलेला, त्याचा डावा कान अजून चुरगळलेला आहे. तेव्हापासून त्यांनी काहीही केलं तरी हा म्हणायचा, "ह्याच्या खाली काय आहे?" मुलींच्या सॉफ्टबॉल संघानं दोनदा राज्यस्पर्धा जिंकली, ह्याच्या खाली काय आहे? फुटबॉलच्या शिरस्त्राणावरच्या मस्क्रॅटचं पोट आत घेऊन त्याला सडपातळ केलं, तेव्हा तर ऑर्लो आठवडाभर जेवला नाही.

पण शनिवारी फुटबॉलचा, म्हणजे आमच्या अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा सामना असला की हाच ऑर्लो मैदानाच्या कडेला आमच्यासोबत साखळी धरायला उभा. आम्ही चौघे. दोन काठ्या आणि मध्ये दहा यार्डांची साखळी; चार डावांत चेंडू तेवढा पुढे गेला का, ते तिनं मोजायचं. एक काठी माझ्याकडे, दुसरी निवृत्त ट्रकचालक मर्लकडे. कितवा डाव चाललाय ती पाटी न्हावी लाव्हर्नकडे. आणि ऑर्लोकडे क्लिप. ही एवढीशी लोखंडी क्लिप तो साखळीला, मैदानावरच्या रेघेच्या बरोबर वर लावतो. मोजायची वेळ आली की साखळी उचलून आत न्यायची, तेव्हा ती पुन्हा नेमकी कुठे ठेवायची हे फक्त क्लिप सांगते. म्हणून क्लिप सगळ्यांत विश्वासाच्या माणसाकडे असते. तीस वर्षं ती ऑर्लोच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती, घराच्या आणि गाडीच्या किल्लीमध्ये.

तर असा ऑर्लो विमान बघायला येत नाही. का? विमानात काही नाही हे त्याला आधीच ठाऊक असल्याशिवाय?

परत येताना मी टॉलफसनांच्या गल्लीतून आलो. रस्ता लांबचा आहे, पण चाळीस माणसं दुसऱ्या रस्त्यानं चालली होती. टॉलफसनांच्या घरामागे, कुंपणाच्या झुडपांआड, ऑर्लोची हिरवी पिकअप मागच्या बाजूनं लावलेली होती. नंबर दिसू नये अशी.

हे मी कोणाला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सोसायटीतल्या कॉफीच्या टेबलावर मी ते सांगितलं.

ऑर्लो यायचा होता. मर्लनं दालचिनीचा रोल तसाच ठेवला आणि हिशेब मांडला : टॉलफसनांचा जावई ट्रेंट त्यांच्याच खात्यात दुय्यम आहे. जावयाला खुर्चीवर बसवायचं तर गावात कोण ओरडेल? ऑर्लो. मग आधी कोणाचं तोंड बंद करायचं? लाव्हर्न म्हणाला, त्याला कुस्ती परत देतो म्हणाले असतील, आणि आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. कारण ते अगदी पटण्यासारखं होतं. मी स्वतः मनात त्याला आणखी दोन पुरावे जोडले : गेल्या पंधरवड्यात ऑर्लोनं टॉलफसनांना एकदाही शिवी दिली नव्हती, आणि तो दाढी करून यायला लागला होता.

ऑर्लो आला, बसला, कॉफी हुंगली.

"काल दुपारी कुठे होतास रे?" लाव्हर्ननं विचारलं.

"घरात."

"कोणाच्या?"

ऑर्लोनं लाव्हर्नकडे बघितलं, मग मर्लकडे, आणि शेवटी माझ्याकडे जरा जास्त वेळ. मी रोलवरची साखर निरखत होतो.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

मर्ल म्हणाला, की ज्या माणसाला आपण दुपारी कुठे होतो ते सांगता येत नाही, त्यानं शनिवारी रेघ कुठे आहे ते सांगू नये. शनिवारी वसंतातला सराव सामना होता. मर्ल वाईट माणूस नाही. बोलल्यावर त्याचे कान लाल झाले. पण शब्द मागे घेतला नाही, आणि आम्ही दोघांनीही त्याला अडवलं नाही. ऑर्लोनं खिशातून जुडगा काढला. क्लिप कडीतून निघेना. तीस वर्षांत ती कधी काढलीच नव्हती. नखानं ओढून ओढून काढली, टेबलावर ठेवली आणि कॉफी तशीच टाकून तो गेला. घरी आर्लीसला त्यानं एवढंच सांगितलं, की शनिवारी आपण तुझ्या बहिणीकडे जाऊ. ती दुपारी डोकेदुखीची गोळी न्यायला आली आणि म्हणाली, "डॉक, तीस वर्षांत हा माणूस शनिवारी माझ्या बहिणीकडे आलेला नाही. काय केलंत तुम्ही त्याला?" मी तिला गोळी कशी घ्यायची ते सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सोसायटीतल्या रेडिओवर मक्याच्या भावाआधी बातमी लागली. नव्या संचालक जोलीन व्हॉस, आपल्याच सॉफ्टबॉलच्या प्रशिक्षक. मर्ल म्हणाला, "म्हणजे जावई नाही?" त्याच्या आवाजात चक्क निराशा होती. मग निवड समितीची नावं आली. कॉलेजचे अध्यक्ष, दोन प्राध्यापक, एक माजी खेळाडू, आणि चाहत्यांचा प्रतिनिधी म्हणून ऑर्लो क्विस्ट.

अध्यक्षांची मुलाखतही लागली. चाहत्यांतला माणूस कोण घ्यावा असं त्यांनी टॉलफसनांना विचारलं होतं. टॉलफसन म्हणाले, माझ्या एका शब्दावरही ज्यानं कधी विश्वास ठेवला नाही तो घ्या. कॉलेजात बसलं तर लोक बाहेरच्या गाड्या मोजतात, म्हणून बैठका टॉलफसनांच्या तळघरात झाल्या. जावयाचा अर्ज होता म्हणून टॉलफसन स्वतः वर स्वयंपाकघरात थांबायचे आणि समितीसाठी सँडविच करायचे. नाव जाहीर होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली होती.

लाव्हर्ननं रेडिओ बंद केला. टॉलफसनांची एकोणतीस वर्षं आम्ही महिनाभर त्या टेबलावर तोलत होतो, कुस्ती एका पारड्यात, सॉफ्टबॉल दुसऱ्यात. सँडविच कुठल्या पारड्यात टाकायचं ते कोणी बोललं नाही. मर्लनं खिशातून क्लिप काढून माझ्यापुढे सरकवली. मी का, असं विचारलं तर दोघेही म्हणाले, पिकअप तू बघितलीस.

ऑर्लो अंगणात गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता. मी क्लिप पुढे केली. त्यानं हात पुसला, क्लिप घेतली, उलटसुलट बघितली, स्प्रिंग दोनदा दाबून बघितली. मध्ये मर्लच्या खिशात होती ना, म्हणून.

"उद्या एक वाजता," मी म्हणालो.

"माहितीये. आर्लीसच्या बहिणीला फोन करावा लागेल."

तो जुडग्यात क्लिप अडकवायला लागला. मी उभाच होतो. माफी मागायची होती, पण तोंडातून तक्रारच आली. म्हटलं, "ऑर्लो, आम्ही काय परके होतो का रे? समितीवर आहे, शुक्रवारपर्यंत बोलता येत नाही, एवढंच कानात सांगायचंस. आम्ही तिघेही गप्प बसलो असतो."

ऑर्लोनं मान वर केली नाही.

"नसतात बसला."