मारुतीचा पाट

लढाई नुकतीच संपली होती. ब्रह्मदेशात गेलेल्या माझ्या थोरल्या भावाचं दोन वर्षं पत्र नव्हतं. इस्लामपुरात आमच्या घरी शनिवारी दिवेलागणीला पाच-सहा जण जमायचे आणि मी स्कॉटलंडची एक प्रेमकादंबरी इंग्रजीतून मराठी करत वाचून दाखवायचो. आईच्या लेखी वाचन म्हणजे पोथीच. रामायण वाचताना मारुतीसाठी रिकामा पाट मांडतात, तसा ती या गोऱ्यांच्या प्रेमकथेलाही मांडायची. मंडळी हसायची.

एका शनिवारी कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक माणूस आत आला आणि सरळ त्या पाटावर बसला. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी कोट. मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवून तो ऐकत राहिला. त्याची पापणी हलताना मला दिसली नाही.

कादंबरीतली बाई समुद्रात बुडालेल्या नवऱ्यासाठी रोज ताट वाढून ठेवते, इथवर मी वाचलं.

"पुढं त्यो येतोय," तो म्हणाला. "पर जेवत न्हाई."

मी पान उलटलं. तसंच होतं.

"तुम्ही वाचलीय का ही?"

"वाचाय येत न्हाई मला. रिकामी जागा मांडली की कुनीतरी येतंच, मास्तर. मांडणाऱ्यानं नाव घेऊन मांडावी."

आईने चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांत धरला, मग तसाच भरलेला खाली ठेवून निघून गेला.

मी घाईने पाट उचलायला गेलो. आईने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "मारुतीचं नाव घेऊन मी त्यो कवा मांडलाच न्हवता."