पागोट्याचं भांडं

रिकामी मालबोट मागं बसते. इंजिन मागं, राहती खोली मागं. पोटात माल नसला की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर नि बूड खाली, तुकडा मागणाऱ्या कुत्र्यासारखी. आम्हाला ते जाणवतही नाही, पायांना सवय असते. केकच्या पिठाला नसते. भांड्यात ओतलं की ते पाण्यासारखी आपली पातळी धरतं, आणि केक निघतो तो एका टोकाला चार बोटं, दुसऱ्या टोकाला दोन. म्हणून आमच्या पोरांना केक वाचता येतो. सपाट आला तर बोट भरलेली. तिरका आला तर बाबांना माल नाही.

माझ्या मैत्रिणीची, ट्राइनची पोरगी यान्ना केक टेबलावर ठेवून कडेला डोळा लावायची, तिचा बाप पुलाखालची उंची बघतो तशी.

त्या वर्षी नायमेखनच्या बंदरात ट्राइनच्या नि माझ्या बोटी शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. तिच्या बोटीचं नाव 'कधी वाटलं नव्हतं'. मालासाठी पाळी लागायची, आणि पाळीच्या फळ्यावर आमची नावं सात आठवडे काही वर सरकत नव्हती. अकरा वर्षांची यान्ना तिकडं झ्वोलेला, बोटवाल्यांच्या पोरांच्या वसतिगृहात. फेब्रुवारीत ट्राइन तिला भेटायला गेली ती तिरका केक घेऊन. तीन दिवसांनी पोरगी पिशवी घेऊन धक्क्यावर हजर. "बाबांना काम नाही, मग मी तिथं बसून काय करू? भांडी तरी घासते." पोहोचवायला ट्राइनचा नवरा हार्मेन गेला, तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पुन्हा पळाली तर जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल.

ट्राइनच्या लहानपणी वसतिगृह नव्हतं. बोट थांबेल त्या गावात दोन दिवस शाळा, तीही शेवटच्या बाकावर. पन्नाशीला टेकली तरी वाचताना शब्दाखाली बोट धरते. यान्ना मात्र दोन पानं न अडखळता वाचते, हे ती मला वर्षभरात किमान वीस वेळा सांगून झाली असेल.

मार्च आला. माल नाहीच. रविवारी पुन्हा जायचं होतं.

"केक नेऊच नको," मी म्हटलं.

"मग तर लगेच कळेल तिला. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, गेर्दे."

केक सपाट यावा म्हणून भांड्याखाली चमचा सारून तिनं पाहिला. शेजारून एक ओढबोट गेली, लाट आली, भांडं घसरून ओव्हनच्या मागच्या जाळाला टेकलं आणि अर्ध्या केकचा कोळसा झाला. हार्मेन दारात उभा होता.

"पुढच्या टाकीत पाणी भरू का? केकपायी सगळी बोटच सरळ करू."

"भर की."

"आणि उद्या पाळी लागली तर उपसायला तुझी आई येईल?"

"माझी आई आली असती तर तू आधी पाण्यात असतास."

शेवटी सोमवारी आम्ही दोघी बाजारात गेलो. ट्राइननं ओव्हनच्या आतल्या मापाचं एक खोकं कापून घेतलं होतं. आमचे ओव्हन म्हणजे बुटाचे डबे. त्यात भांडं नुसतं बसून भागत नाही, चारी बाजूंनी बोटभर वारा खेळला पाहिजे. नाहीतर वर कच्चं, खाली जळकं.

भांडीवाला म्हातारा खोक्याकडं बघत राहिला. "बाई, भांडं घ्यायला आलात का मांजर न्यायला?"

"मांजर तुमचं तुम्हालाच राहू दे. ते गोल दाखवा."

गोल खोक्यात शिरलं, पण चारी कडांना घासलं. मी सहा वाट्यांचं भांडं पुढं केलं. ती म्हणाली, "म्हणजे एकाच्या जागी सहा तिरके. सहादा रडेल." मग तिचं लक्ष वर टांगलेल्या पागोट्याच्या भांड्याकडं गेलं. मधे भोक, अंगावर पीळ, काढल्यावर केक पागोट्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. तो उलटा करून काढतात. ट्राइन भांडं हातात फिरवत राहिली.

"उलटा केला की तिरकी बाजू खाली जाते," ती हळूच म्हणाली. "खालून सुरीनं सरळ केलं की झालं."

उंच पागोटी खोक्यात मावेनात. म्हातारा आत जाऊन एक बुटकं घेऊन आला, कडेला पोचा आलेलं. ते मावलं, वर बोटभर जागाही उरली.

शनिवारी केक झाला. सुरीनं छाटलेली चकती हार्मेननं उभ्या उभ्या खाल्ली. वरून साखर भुरभुरली. असा सरळ केक भरलेल्या बोटीवरही कधी झाला नव्हता.

रविवारचं ट्राइननं मला नंतर सांगितलं. यान्नानं टेबलाला डोळा लावला नि तिचा चेहरा उजळला. "भरली?" ट्राइननं मान हलवली, हो नाही काहीच न म्हणता. पोरीनं दोन तुकडे खाल्ले. तिसरा उचलला आणि उलटा करून पाहिला. मग दुसऱ्या बाजूचाही पाहिला. एकाच्या बुडाला तपकिरी साल होती, दुसऱ्याच्या बुडाला पांढरा, कापलेला गाभा.

"याची साल कुठं गेली?"

ट्राइन टेबलावर सांडलेली साखर बोटानं गोळा करायला लागली.

"बाबांनी खाल्ली?"

"हो."

यान्नानं तुकडा बशीत ठेवला. "मागच्या वेळी मी पळाले ते माल नव्हता म्हणून. पण तू खोटं आणायला लागलीस तर मला प्रत्येक वेळी येऊन बघावं लागेल. सपाट आला तरी." मग बशी पुढं सारत म्हणाली, "खरं आण. मी राहते."

"तिरका असला तरी?"

"तिरका असला तरी. सांगितलं ना."

ट्राइन परत आली ती सरळ माझ्या बोटीवर. कोटही काढला नाही. "गेर्दे, उद्या बाजारात येतेस?"

म्हाताऱ्यानं खोकं ओळखलं. "मांजर परत आणलंत?"

"लांब भांडं द्या. पावाचं. या खोक्यात मावेल त्यातलं सगळ्यात लांब."

मी तिचा दंड धरला. "अगं, लांब भांड्यात तर तिरकेपणा सगळ्यात जास्त दिसतो."

"तेच पाहिजे. बोट चिमूटभर कलली तरी दिसलं पाहिजे. तिला वाचायचंय."

एप्रिलमधला केक तिरका गेला. मे महिन्यातलाही. यान्ना पळाली म्हणून बाईंची चिठ्ठी काही आली नाही. जूनमध्ये पाळी लागली, खडी भरली, नि केक सपाट निघाला.

पागोट्याचं भांडं आता डेकवर असतं, त्यात ट्राइन कपड्यांचे चिमटे ठेवते. हार्मेन येता जाता त्याच्याकडं बघतो. छाटलेली चकती आता त्याच्या वाट्याला येत नाही.