डोलकाठीखालचा पैसा

माझ्या साडूने शिडाची होडी घेतली तेव्हा माझ्या पोटात दुखलं, हे मी सरळ सांगतो. वाकडला बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हाही दुखलं होतं, पण ते सोसण्यासारखं. होडी? अहो, पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाला होडी कशाला लागते? कोकणातून कुणाची तरी जुनी उचलून आणली, पवना धरणावर ठेवली आणि दर रविवारी तिकडे जायला लागला. जाऊ दे ना, मला काय! पण जाताना तो माझ्या मुलीला घेऊन जायला लागला.

मुलगी अकरावीत. मावशीच्या या नवऱ्याला ती काका म्हणते आणि खुशाल अरे-तुरे करते. मला मात्र 'अहो पप्पा'. रविवारी संध्याकाळी उन्हाने नाक सोलवटून घरी यायची आणि जेवताना काकापुराण सुरू. काका म्हणाला वारा असा पकडायचा, काका म्हणाला शीड तसं सोडायचं. मी खाली मान घालून वरणभात ओरपायचो. बायको म्हणायची, "किती जळाल हो!" जळणारच! पोर माझी, आणि तिचे डोळे चमकणार त्याच्या नावाने?

होडीचा दुसरा हिवाळा सरत आला होता तेव्हा साडूचा फोन आला. "भाऊ, डोलकाठी डुगडुगतेय. पुढच्या रविवारी धरणावर शर्यत आहे, सुकाणू आपली पोरगी धरणार आहे. काठी नीट नसेल तर मी तिला पाण्यात उतरवणार नाही. तुम्हीच बघा राव." 'आपली पोरगी' डोक्यात गेलं, पण 'तुम्हीच' ऐकून मी खुर्चीतल्या खुर्चीत फुललो. मी चाकणला नट-बोल्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. जगात हा एकच विषय असा, जिथे साडू माझ्यापुढे बच्चा आहे. म्हटलं, आता बघू दे पोरीला बाप काय चीज आहे ते.

वाकडच्या सोसायटीने ती लांबलचक काठी आत घेऊ दिली नाही, म्हणून टेंपोतून ती मोशीला आमच्या दारात आली. सोबत तिचा पाय ज्यात बसतो ती खोबणही होती. काठी म्हणजे अॅल्युमिनियमची पोकळ नळी. बुडाशी पांढरी भुकटी साचलेली. नखाने खरवडलं तर पापुद्राच हातात आला. बोल्ट मात्र नवे कोरे, चकचकीत, आणि त्यांच्याभोवतीची भोकं खाऊन मोठी झालेली.

"चांगले स्टेनलेसचे टाकलेत मी," साडू म्हणाला.

"टाकलेत ना? तेच नडलंय!" मला चेव आला. "दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि ओले राहिले, की त्यातला एक दुसऱ्यापायी झिजतो. बोल्ट ठणठणीत राहतो, काठी जाते. मध्ये काही घातलंत का? वॉशर? पेस्ट?"

काही घातलं नव्हतं. मुलगी बाजूला उभी राहून ऐकत होती. मी आवाज आणखी थोडा चढवला.

कंपनीत विचारलं तर जो तो म्हणाला, हाय-टेन्साइल टाक, भावा, बारा-पॉइंट-नऊचा, सगळ्यात मजबूत. आमच्या पट्ट्यातला हा रोगच आहे. काहीही मोडलं की इंजिनाचा काळा बोल्ट ठोकायचा. अरे, इथे बोल्ट तुटलाय कुठे? आणि तो काळा बोल्ट धरणाच्या पाण्यात आधी स्वतःच गंजला असता. मी स्टेनलेसच घेतलं, पण तीनशे सोळा नंबरचं, पाण्यात जास्त टिकणारं. डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, भोकात नायलॉनची नळी, बोल्टच्या आट्यांना जस्ताची पेस्ट. जिथे ताण कमी तिथे अॅल्युमिनियमचेच रिव्हेट. सडलेलं बूड कापून टाकलं आणि तेवढ्या उंचीचा नायलॉनचा ठोकळा खाली द्यायचं ठरवलं. मुलगी एकेक बोल्ट पेस्ट लावून माझ्या हातात देत होती. मधेच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला किती माहितीये!" अहाहा! साडू तिथेच चहा पीत बसला होता. त्यानेही ते ऐकलं, हे मी बघून घेतलं.

मग ठोकळा बसवायला खोबण साफ करायला घेतली, तर तळाच्या चिखलात एक काळीहिरवी चकती चिकटलेली. घासली, तर जुना ढब्बू पैसा. शुद्ध तांबं! अॅल्युमिनियमच्या पायाखाली, साचलेल्या पाण्यात तांबं! बूड का सडलं ते आता कळलं. होडी आणली त्या वर्षी दसऱ्याला तिची पूजा झाली होती. कंपनीत मशीनला करतात तसं हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. घराच्या पायात घालतात तसा कुणीतरी काठीच्या पायातही पैसा घातला होता.

"कुणी केला हा शहाणपणा?"

साडूने कप खाली ठेवला. "मीच."

मग काय, मी सोडतोय होय! "इंजिनिअर ना हो तुम्ही? विष घातलं असतंत तर काठी जरा उशिरा मेली असती!" गल्लीतली माणसं बघायला लागली. तो सगळं ऐकून घेत होता. मुलगी मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, काकाची लाज वाटतेय तिला. खोटं कशाला बोलू, त्या दिवसाइतकं गोड जेवण मला कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं.

रविवारी शर्यत झाली. वारा चांगला दांडगा होता, पण काठी जागची हलली नाही. काठावर आल्या आल्या साडूने मला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही काठी आमच्या भाऊंनी उभी केलीय."

परतताना मुलगी माझ्या मागे स्कूटरवर होती. सोमाटण्याजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "पप्पा, तो पैसा मी ठेवला होता. आपल्या देवघरातला. होडीला काही होऊ नये म्हणून."

"काकाला माहीत होतं?"

"हो. ठेवला तेव्हाच त्याला सांगितलं होतं."

"मग त्या दिवशी माझ्यासमोर का नाही बोललीस?"

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या.

"तुमची भीती वाटली," ती म्हणाली.

मी स्कूटर पुढे काढली. साडूचा हेवा मला आजही वाटतो, पण आता एवढ्याचाच वाटतो, की माझी पोर चुकली की आधी त्याच्याकडे जाते.